कौशल्याचा अभिप्राय

रविवार, १२ जानेवारी

पुस्तक-भिशीची पहिली बैठक आज आमच्या घरी झाली. निवृत्त होऊन अकोल्याहून अमरावतीला, साईनगरातल्या या घरात आलो तेव्हापासून मी नुसता घरभर फिरून कौशल्याच्या डब्यांची झाकणं तपासत होतो. शेवटी ती म्हणाली, "पंजाबराव, तुमी काहीतरी काढा बाप्पा, नाईतर मले तरी माहेरी धाडा." नावाने हाक मारली म्हणजे बाई खरंच वैतागली. म्हणून भिशी काढली.

बायकांच्या भिशीत जिची चिठ्ठी निघते तिला रक्कम मिळते. आमच्यात ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं. एकदा कादंबरी, एकदा अभ्यासाचं पुस्तक, असं आलटून-पालटून. महिनाभर सगळ्यांनी तेच वाचायचं आणि दुसऱ्या रविवारी एकेकाने अभिप्राय द्यायचा. तोही कागद न बघता. हा नियम माझा. जन्मभर ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. कागद बघून बोलणाऱ्याच्या डोक्यात काही नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सभासद मोजकेच. ओमप्रकाशजी कॉमर्सचे निवृत्त प्राध्यापक. कशातही मोठा अर्थ शोधून काढतात. करिश्मा आमच्या गल्लीत राहते, शाळेत शिकवते आणि पीएच.डी. करते. देवीदास माझा जुना मित्र, त्याची फुलझाडांची रोपवाटिका आहे. पहिली कादंबरी मीच ठरवली होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, लेखक याच शहरात राहतो. देवीदासने उभं राहून अभिप्राय दिला, "पुस्तक बरं हाय. पन जाड हाय." आणि बसला. दहापैकी दोन गुण.

कौशल्या चहा घेऊन आली तर देवीदास म्हणाला, "वहिनी, तुमीही वाचलं म्हनता, मंग बोला ना." ती ट्रे हातात धरूनच बोलली, "ह्या कादंबरीत घरात सात मानसं हायेत. पुस्तकभर सारे जेवून राहिले. पन सयपाक कोन करते, थे कोठीच लिहिलं नाई." एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं! आठ गुण दिले. तिची चिठ्ठीही टाकली आणि गंमत म्हणजे तीच निघाली. तिने संत्र्याच्या रोगांवरचं, कृषी कॉलेजातल्या मुलांचं पुस्तक मागितलं. तिच्या वडिलांची वरूडला संत्र्याची बाग होती.

चहात साखर दोनदा पडली होती. ओमप्रकाशजींना मधुमेह आहे, पण सज्जन माणूस, मुकाट्याने प्यायले. सगळे गेल्यावर कप विसळता विसळता कौशल्याने विचारलं, "थे भिशीवाले कवा येऊन राहिले?" मी म्हटलं, अगं, येऊन गेले. दोघंही हसलो. दमली असेल.

गुरुवार, २३ जानेवारी

कौशल्या दुपारभर संत्र्याचं पुस्तक घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसते. मला त्या पुस्तकाची पंधरा पानंही झेपली नाहीत. आज गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं. मी ओरडलो तर म्हणाली, "मी वाचून राहिली होती." वाचनाचं वेड लागलं की असंच होतं. तरुणपणी माझंही झालं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आजची बैठक कौशल्याची होती, बाकीचे आम्ही उगाच.

संत्र्याच्या रोगांवर कुणी काय बोलणार? करिश्माने भाषा क्लिष्ट असल्याचं सांगितलं. देवीदास म्हणाला की त्याने फक्त चित्रं पाहिली. मग कौशल्या उठली. डिंक्या रोगावर बोलली. बुंध्याची साल कशी तडकते, त्यातून डिंक कसा गळतो, वडील खोडाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम कसं फासायचे, आणि ती लहान असताना बोटाने तो डिंक काढून चाखायची. "पुस्तकात एक लिहिलं नाई," ती म्हणाली. "डिंक्या लागलेलं झाड मरायच्या आंधी लय फुलते. लोकाले वाटते, यंदा बहार जोरदार हाय. बाबा म्हनत, पोरी, ह्या बहाराचा आनंद नको मानू." मला माझ्या बायकोचा अभिमान वाटला आणि तो मी लपवलाही नाही.

नंतर तिने डिंक चाखायची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. पुनरुक्ती हा वक्तृत्वाचा दोष आहे, म्हणून अर्धा गुण कापला. साडेनऊ.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वर्षाली अकोल्याहून आली. एकच लेक, एरवी आली की घर भरतं. आज येऊन तिने घर ढवळलं.

मला गच्चीवर नेऊन म्हणाली, "बाबा, आई मले रोज सकाळी फोन करते अन् तेच तेच इचारते. परवा म्हने, तुयं लगन ठरलं का? माया पोरगा धाव्वीत हाय, बाबा!" मी म्हटलं, मस्करी केली असेल. ती म्हणाली, "तुमी डोये झाकून बसले का? अकोल्याले नागपूरचे मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. मी नंबर लावते."

मला राग आला. जी बाई कृषी विद्यापीठाच्या दर्जाचं पुस्तक वाचून प्राध्यापकांना गप्प करते, तिच्या डोक्याला काय झालंय? वर्षालीने जन्मात दोन पुस्तकं वाचली नाहीत आणि आता निदान करते. तसं बोलूनही दाखवलं. ती रडली. जाताना आईच्या गळ्यात पडली तेव्हा कौशल्याने तिला विचारलं, "काहून रडून राहिली? सासरी काही झालं का?" जेवलो नाही.

रविवार, ९ मार्च

या महिन्यात ओमप्रकाशजींनी निवडलेली कादंबरी होती. एक विधवा शिक्षिका, तिची गावोगाव बदली, शेवटी मरण. करिश्माने नायिकेच्या एकटेपणाबद्दल चांगलं सांगितलं. देवीदासने या खेपेला 'जाड नाही' म्हणून पुस्तकाचं कौतुक केलं.

कौशल्या म्हणाली, "थे मास्तरीन डिंक्यानं गेली. वरतून हिरवीगार होती, पोराईले शिकवत होती, हसत होती. पन बुंध्यातून गळून राहिली होती. कोनी बुंध्याकडे पाह्यलंच नाई. सारे पानं पाहून राहिले."

ओमप्रकाशजी अक्षरशः उठून उभे राहिले. "वा भाभीजी! क्या बात! नायिकेला डिंक्या! हे रूपक आजवर कुठल्या समीक्षकाला सुचलं आहे का?" करिश्मा म्हणाली की हे ती तिच्या प्रबंधात वापरेल. मी दहापैकी दहा दिले. नोकरीत एवढे गुण मी कुणालाच दिले नव्हते.

घरी... म्हणजे सगळे गेल्यावर तिला विचारलं, तुला हे सुचलं कसं? ती म्हणाली, "सुचाले काय हाय? पुस्तकातच होतं ना." मी कादंबरी काढून पाहिलं. नायिका टायफॉइडने मरते. स्पष्ट लिहिलं आहे. मोठ्या माणसांना आपली प्रतिभा कुठून येते ते सांगता येत नाही, तसं असावं. पुस्तक पुन्हा जागेवर ठेवलं.

शुक्रवार, २८ मार्च

करिश्माने निवडलेला, बायकांच्या घरकामावरचा समाजशास्त्राचा ग्रंथ सुरू आहे. मी निम्म्यावर आलो. कौशल्याची खूण अजून पहिल्याच प्रकरणात आहे. किती सावकाश, मन लावून वाचते! प्रस्तावनेत एका नवऱ्याचं उदाहरण आहे, त्याला स्वतःच्या घरात चहापत्ती कुठे असते ते सापडत नाही. तिथे ती खुदकन हसते. काल हसली, परवाही हसली, आज मी बाजूच्या खोलीत हसू येण्याची वाटच बघत होतो. आलं. बरं वाटलं.

रविवार, १३ एप्रिल

कौशल्याने आज जानेवारीतलं वाक्य पुन्हा म्हटलं. घरात सात माणसं, सगळी जेवून राहिली, स्वयंपाक कोण करते ते लिहिलं नाही. शब्दाला शब्द तोच. पण ग्रंथ घरकामावरचा, त्यामुळे ते असं चपखल बसलं की टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवता वाजवता थांबलो. मग वाटलं, चांगलं वाक्य माणूस दोनदा वापरतोच. मीही वर्गात वापरायचो.

ओमप्रकाशजींनी बातमी आणली. राजापेठेतल्या वाचनालयात मे महिन्यात वाचक मेळावा आहे, आणि आमच्या भिशीतर्फे कौशल्याने त्या शिक्षिकेच्या कादंबरीवर बोलावं असं त्यांनी परस्पर कबूल केलं आहे. मी लगेच हो म्हटलं.

सोमवार, १४ एप्रिल

वर्षालीचा फोन. नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर लागला, नेमका मेळाव्याच्याच दिवशी. मी म्हटलं, पुढच्या महिन्याचा घे. ती म्हणाली, "बाबा, तुमाले भेव वाटून राहिलं ना?" मी फोन ठेवला. मला कसलं भेव? शंभर माणसांपुढे जी बोलणार आहे, तिला आजारी ठरवायचं?

मंगळवार, २९ एप्रिल

तयारी घेतो आहे. सकाळी ऊन चढायच्या आत तासभर. मी विचारतो, नायिकेचं नाव काय? ती म्हणते, सांगते थांबा. मग कुलरकडे बघत राहते. मी नाव सांगतो, ती ते म्हणून दाखवते. नाश्त्यानंतर विचारलं तर पुन्हा कुलर.

शनिवार, ३ मे

आज मी तिच्यावर पुस्तक आपटलं. अंगावर नाही, टेबलावर, पण आपटलं. "आठव! काल इतक्या वेळा सांगितलं, आठवत कसं नाही?" ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मले शाळेत नका ना घालू. मी बागेत काम करीन." मला तिच्याकडे बघवेना. बाहेर जाऊन तिच्यासाठी उसाचा रस आणला. रस पिताना ती खुशीत होती. माझ्यावर राग नव्हता, कारण सकाळ तिच्यापाशी उरलीच नव्हती. तिने मला माफ केलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवार, ११ मे

मेळावा झाला.

ती निळं लुगडं... नाही, निळी साडी नेसली होती, हिरव्या काठाची. ओमप्रकाशजींनी ओळख करून दिली. ती माइकपुढे उभी राहिली आणि गप्प. पंखे फिरत होते. मी पहिल्या रांगेत होतो. ओठांनी नायिकेचं नाव दाखवलं. तिने ते पाहिलं नाही. मग एकदम गोड हसून तिने लोकांना विचारलं, "चहा झाला का जी तुमचा साऱ्याईचा?" लोक हसले. मग डिंक्याची गोष्ट सांगितली, बोटाने डिंक चाखायची. संपली तशी पुन्हा सुरू केली. आणि मध्येच थांबून बाजूला बसलेल्या करिश्माला विचारलं, माइकमधूनच, "थे समोर बसले, थे कोन हायेत वो? लय रागावल्यावानी दिसून राहिले."

बोट माझ्याकडे होतं.

सभागृह खदखदून हसलं. लोकांना वाटलं, नवऱ्याची फिरकी घेतली. टाळ्या पडल्या. निघताना एका बाईने मला थांबवून सांगितलं, "तुमची मिसेस काय विनोदी आहे हो!" करिश्मा हसली नव्हती. ती कौशल्याचा हात धरून तिला खाली घेऊन आली.

घरी आल्यावर वर्षालीला फोन केला. पुढचा नंबर लाव म्हटलं. ती काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा उपकृत आहे.

मंगळवार, १० जून, अकोला

मूर्तिजापूरपर्यंत कौशल्या एसटीच्या खिडकीतून बघत होती आणि प्रत्येक थांब्यावर विचारत होती, "वरूड आलं का?" मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं. शेवटी येतंय म्हटलं.

डॉक्टर तरुण आहेत, आवाज मऊ. तिला तीन शब्द सांगितले: लिंबू, कुलूप, पतंग. थोड्या वेळाने विचारतो म्हणाले. तोवर घड्याळ काढायला दिलं. तिने गोल सुरेख काढला आणि सगळे आकडे एका बाजूला गोळा केले. साल विचारलं तर म्हणाली, "यंदाचं सांगू का मांगचं?" मग ते तीन शब्द. ती माझ्याकडे बघायला लागली. मी ओठांनी 'लिंबू' म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

नोकरीत मी किती पोरांच्या कॉप्या पकडल्या. आज कॉपी पुरवतो म्हणून मला वर्गाबाहेर काढलं. बाकावर बसून मी लिंबू, कुलूप, पतंग घोकत राहिलो, जणू मला आठवलं तर तिला पास करतील. वर्षाली शेजारी बसली होती. मी तिला म्हटलं, तू फेब्रुवारीतच सांगितलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. तवा आलो असतो तरी हेच सांगितलं असतं." तिला वाटलं, याने मला धीर येईल.

डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं. हे थांबत नाही. गोळ्यांनी काहींचं थोडं सावकाश होतं, काहींचं तेही नाही. आज तुमच्या मिसेस जेवढ्या आहेत तेवढ्या पुढच्या उन्हाळ्यात नसतील. मी विचारलं, मग हे वाचन, हे अभिप्राय, एवढं सुंदर कसं बोलली? ते म्हणाले, जुनं शेवटपर्यंत राहतं, कधी कधी उसळून वर येतं. मला तिचे बाबा आठवले आणि त्या बहाराचा मी मानलेला आनंद आठवला.

गुरुवार, ३ जुलै

गोळ्या चालू आहेत. फरक नाही. काल ती दिवसभर बाहेरच्या दारात उभी होती, वडील न्यायला येणार म्हणून. मी दार लावलं तर मला "मास्तर" म्हणाली आणि सुट्टी मागितली.

पूर्वी मी वाईट वाटलं की पुस्तक काढायचो. आता कुठलंही उघडलं की वाटतं, हे लिहिणाऱ्याला काही माहीत नाही.

ही वही टेबलावरच असते. अलीकडे कौशल्या तीच घेऊन ओट्यावर बसते. आधी काढून घ्यायचो. आता नाही घेत. तिला काय समजणार, असं वाटतं. आणि समजलं तरी किती वेळ?

रविवार, १३ जुलै

भिशीला फक्त देवीदास आला. करिश्माची बदली अचलपूरला झाली. ओमप्रकाशजींनी तब्येतीचं कारण कळवलं. मेळाव्यानंतर ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना. देवीदासने कौशल्यासाठी मोगऱ्याचं रोप आणलं होतं. पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं. मी म्हटलं, भिशी बंद करू.

तेवढ्यात कौशल्या आतून आली, हातात ही वही. "मी वाचलं," ती म्हणाली. "सकायपासून वाचून राहिली. आता सांगू का?" देवीदासने माझ्याकडे पाहिलं. मी तिला खुर्ची दिली. ती उभीच राहिली आणि आठवायला लागली. ओठ हलले, आवाज नाही.

"कागद बघून बोल," मी म्हणालो.

तिने वही उघडली. पानं उलटत, बोट ठेवत बोलली, "ह्याच्यात एक मास्तर हाय. थो साऱ्याईले गुण देते. बायकोलेही देते." हसली. "त्याच्या बायकोचं डोकं जाऊन राहिलं. मले पहिल्याच पानावर समजलं, चहात दोनदा साखर टाकली तवाच. लेकही सांगते. पन ह्याले वाटते, बाईले बहार आला."

देवीदास खाली बघत होता. मी विचारलं, "वाईट आहे का तो मास्तर?"

ती माझ्याच अक्षरांवरून हात फिरवत होती. "वाईट नाई जी," ती म्हणाली. "घाबरट हाय."

आयुष्यात मला याहून खरा अभिप्राय कुणी दिला नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ती घाबरली, पदराने माझं तोंड पुसायला लागली. "मंग त्या बाईले सांगितलं का कोनी?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "नका सांगू," ती म्हणाली. "काय फायदा हाय? इसरूनच जाईन थे."

गुण दिले नाहीत.

सोमवार, १४ जुलै

सकाळी उठून पाहिलं तर ती वही घेऊन ओट्यावर बसलेली, पहिल्या पानावर. देवीदासच्या 'जाड हाय'ला ती खळखळून हसली, जशी त्या चहापत्तीवाल्या नवऱ्याला हसायची. मी चहा ठेवला. साखर मीच टाकली, एकदाच. कप घेऊन तिच्या शेजारी बसलो आणि तिचं बोट ओळीवरून खाली सरकताना पाहत राहिलो.

बोट साखरेच्या ओळीपाशी थांबलं.

"अगा माय," ती म्हणाली. "ही बाई कोन हाय जी?"

"माझी बायको," मी म्हणालो.

"बिचारी," ती म्हणाली आणि पान उलटलं.